दोन खुर्च्यांपुरती सावली

पुष्पावतीबाईंच्या पत्राला नानांनी उत्तर दिलं नव्हतं. पत्र आलं तेव्हा दिवाळीचे आकाशकंदील अजून उतरायचे होते, आणि आता पोरं होळीसाठी गोवऱ्या मागत दारोदार हिंडायला लागली होती. निळं आंतर्देशीय पत्र, बारीक तिरकं अक्षर. विचारलं होतं एवढंच :

‘गाडीचं छत उघडता ना? हे गेल्यापासून मला एकदा त्याखाली येऊन बसावंसं वाटतं. गुढीपाडवा झाला की आमची लेक रुपाली मला कायमची नाशिकला घेऊन जाणार आहे. त्याआधी कधी येऊ, तेवढं कळवा.’

उत्तर खरं तर एका ओळीचं होतं. अमक्या वारी या, की संपलं. पण नानांना मायन्यापासूनच घाम फुटे. ‘आदरणीय’ लिहावं तर सभेचं निमंत्रण वाटे. ‘वहिनी’ लिहावं तर आपण कोण एवढी सलगी करणारे, असं मनात येई. उभी हयात शाळेच्या ग्रंथालयात गेलेला माणूस. पण स्वतःच्या मनातलं चार ओळींत लिहायचं म्हटलं की हातातलं पेन जड होई. कागद फाडत, दुसरा घेत, तोही फाडत.

तरी मायना हे निमित्तच. खरं कारण वेगळं होतं. ज्या छताखाली बाईंना बसायचं होतं ते छत नानांनी आजवर एकदाही उघडलं नव्हतं.

गाडी म्हणजे राहायचा ट्रेलर. राहुरीच्या रस्त्यांवर दिसतात ते उसाचे ट्रेलर वेगळे. हे जीपच्या मागे ओढून न्यायचं चाकांवरचं घर होतं. श्रीरामपूरचे जनावरांचे डॉक्टर राधाकृष्ण बोरुडे यांनी निवृत्त झाल्यावर ते हौसेनं बांधून घेतलं आणि बायकोला, म्हणजे पुष्पावतीबाईंना, घेऊन कोकणापासून भंडारदऱ्यापर्यंत सगळा मुलूख पाहिला. पुढे गुडघे कुरकुरायला लागले, तेव्हा डॉक्टरांनी ट्रेलर नानांच्या गावच्या वाचनालयाला देऊन टाकला. पलंगाच्या जागी मुलांची पुस्तकं बसली, शेगडीच्या ओट्यावर शिक्के आणि नोंदवही आली. छगन जीप जोडायचा, आणि गोरक्षनाथ म्हसे, म्हणजे नाना, मागे पुस्तकं सांभाळत वस्त्यावस्त्यांवर हिंडायचे.

ट्रेलरच्या एका अंगाला वरच्या बाजूला लांबट पेटी होती. हँडल फिरवलं की पेटीतून दांडी पुढे सरके, दोन बाजूचे हात कोपरातून सरळ होत, आणि हिरव्या-पांढऱ्या पट्ट्यांचं कापडी छत उलगडत येई. चांगल्या खोलीएवढी सावली पडावी असं ते छत होतं. पडावी म्हणायचं, कारण ती पूर्ण पडलेली नानांनी कधी पाहिलीच नाही.

गाडी वाचनालयाच्या ताब्यात दिली तो दिवस ऐन उन्हाळ्यातला. नारळ फुटला, फीत कापली, आणि डॉक्टर कौतुकानं हँडल फिरवायला लागले. छत जेमतेम अर्धं बाहेर आलं असेल, तोच मैदानातून एक वावटळ उठली. कापड फुगलं, एक हात करकरला. पाठोपाठ वळवाचे टपोरे थेंब. पळापळ झाली. डॉक्टरांनी दांडी धरली, नानांनी भराभरा हँडल उलटं फिरवलं, आणि छत होतं तसं आत गेलं. “वाऱ्याला जपा हं, म्हसे,” डॉक्टर म्हणाले. मोटारीत बसता बसता त्यांनी मागे वळून आणखीही काहीतरी सांगितलं होतं, पण एवढ्या गडबडीत ते नानांच्या डोक्यात शिरलं नाही. पुढच्या थंडीत डॉक्टर गेले.

नानांच्या मनात एकच शब्द उरला : जपा.

आणि जपण्यात नानांचा हात धरणारं कोणी नव्हतं. सत्कारात मिळालेली शाल त्यांच्या कपाटात अजून कोऱ्या पिशवीत होती. काचेचे कप पाहुण्यांसाठी होते आणि पाहुणे कधी येत नसत. छतालाही त्यांनी तसंच जपलं. पेटीवरून निळा प्लास्टिकचा कागद गुंडाळला, वरून सुतळीनं आवळला. फटींतून डांबराच्या गोळ्या सोडल्या, कडुलिंबाचा पाला कोंबला. जुनी पुस्तकं अशीच तर टिकवली होती त्यांनी. गंजू नये म्हणून हातांच्या सांध्यांना खोबरेल लावलं. पावसाळ्याच्या तोंडाला आणखी एक कागद चढला. ट्रेलर वस्तीवर उभा राही तेव्हा लोक उन्हात ताटकळत, बायका पदर कपाळावर ओढून पुस्तकं चाळत, आणि वर ते निळं बोचकं सुरक्षित असे.

कालव्याच्या वस्तीवरच्या गोजरबाईचा सगळा राग त्या बोचक्यावर होता. ती गोष्टींची पुस्तकं न्यायची आणि पोतं अंथरून तिथंच पहिलं पान वाचायला बसायची.

“नाना, ह्यो मांडव कवा सोडायचा? माज्या नातवाच्या लग्नात व्हय?”

“पाहुणे आले की उघडू, गोजरबाई.”

“मंग आमी कोन? चोर?”

सगळे हसत. नानाही कसनुसं हसत आणि शिक्का मारत. दर खेपेला त्यांना वाटे, हिचं खरं आहे. दर खेपेला हेही वाटे, की वावटळ उठली तर?

होळी तोंडावर आली आणि नानांना एका सकाळी धसका बसला. होळी म्हणजे पाडवा आलाच. बाई निघून जातील. त्यांनी ठरवलं : आज छत उघडून बघायचं, झटकून पुसून लख्ख करायचं आणि संध्याकाळी पत्र टाकायचं. इतके दिवस जपलंय, तर बाईंना कोरं करकरीत दिसेल. या विचारानं त्यांना पहिल्यांदाच पत्र लिहायचा उत्साह आला.

ट्रेलर कालव्याच्या वस्तीवर उभा होता. छगननं विळ्यानं सुतळ्या कापल्या. गोजरबाई पोत्यावरून उठून पुढं आली. “आलं का पाव्हनं?”

“येणार आहेत,” नाना म्हणाले.

“तरीच. आमच्या नशिबानं पाव्हन्यांची सावली तरी बगाया मिळंल.”

प्लास्टिकचा पहिला कागद निघाला. दुसरा निघाला आणि आधी वास आला. ओल्या पोत्याचा, कुजल्या पाल्याचा, आणि त्यातच डांबरगोळ्यांचा. छगननं नाकाला उपरणं लावलं. “नाना, काय मेलंय का काय आत?”

 नानांनी हँडल घातलं आणि फिरवलं. फिरेना. सांध्यांवरच्या खोबरेलात धूळ बसून त्याचा काळा चिकटा झाला होता. छगननं जोर लावला तेव्हा दांडी करकरत पुढं सरकली.

तिच्या मागून जे आलं ते कापड आहे हे कळायलाच नानांना वेळ लागला. हिरवं नाही, पांढरं नाही. काळ्या बुरशीच्या ठिपक्यांनी सगळे पट्टे एक झाले होते. पुढं यायला लागलं तसं ते आपल्याच वजनानं फाटत गेलं, ओला पापड फाटावा तसं. मधे हाताएवढाली भोकं. पाल्याचा भुगा नानांच्या डोक्यावर, खांद्यावर पडला. आणि मग एक मऊ गोळा घरंगळत आला आणि त्यांच्या चपलेपाशी फुटला. कुरतडलेल्या चिंध्यांचं घरटं होतं ते. आत उंदराची गुलाबी पिल्लं वळवळत होती, डोळेसुद्धा न उघडलेली.

“अगं बया,” गोजरबाई म्हणाली. “येवड्यासाठी आमाला उनात...” आणि नानांच्या तोंडाकडे बघून ती तिथंच थांबली.

अर्ध्यावरच थांबलेलं हँडल नानांच्या हातात तसंच होतं.  पुढचं फाटकं टोक वाऱ्यावर हलत होतं आणि ते एकटक त्याच्याकडे बघत होते. आता कोणी तरी म्हणेल की हे दुसऱ्याच कुठल्या गाडीचं आहे, अशी वाट बघितल्यासारखे.

“नाना, बसा जरा,” छगन म्हणाला.

“बरं,” नाना म्हणाले. “पुस्तकं घ्या. चला, रांगेनं या.”

ते आत गेले, ओट्याशी बसले आणि शिक्के मारायला लागले. लोक पुस्तकं घेऊन आले, घेऊन गेले. शिक्का उलटा पडत होता, तारीख डोक्यावर उभी.  गोजरबाईनं ती पिल्लं जुन्या कागदावर उचलून कालव्याच्या काठाला, गवतात नेऊन ठेवली होती. तिनं पुस्तक घेतलं, उलटी तारीख बघितली आणि गुमान पदराखाली धरलं. तिचं हे गप्प बसणंच नानांना जास्त लागलं.

घरी आल्यावर नानांनी आंतर्देशीय पत्र काढलं. आणि एक चमत्कारिक गोष्ट झाली. दिवाळीपासून जे जमलं नव्हतं ते एका बैठकीत उतरलं. ‘आदरणीय पुष्पावतीबाई, छत किरकोळ दुरुस्तीसाठी नगरला दिले आहे. परत येण्यास पाडवा उलटेल असे दिसते. आपली गैरसोय होत असल्याबद्दल दिलगीर आहोत.’ खाडाखोड नाही, अडखळणं नाही. नानांनी ते वाचलं आणि त्यांना स्वतःचीच भीती वाटली. खोटं लिहिताना आपलं अक्षर एवढं सुबक येतं?

तरी त्यांनी ते फाडलं नाही. घडी घालून खिशात ठेवलं.

दुसऱ्या दिवशी छगन दारात हजर. त्यानंही रात्रभर डोकं चालवलं होतं. “नाना, तुमी उगं जिवाला लावून घेताय. राहुरीत आपला सुनील हाय ना, टेम्पोची हुडं शिवतो त्यो. तसल्याच पट्ट्याचं नवं कापड बसवून दील. म्हातारीला काय कळतंय?”

“कळेल रे.”

“कशानं कळंल? हिरवं-पांढरं म्हनलं की हिरवं-पांढरं. नवं दिसलं तर उलट म्हनंल, लई जपलं.”

नानांना तेही पटलं. पटलं याचा धक्का पुन्हा वेगळा. आयुष्यभर दुसऱ्याच्या पुस्तकाला डाग पडू न देणारा माणूस आपण, आणि खिशात एक खोटं पत्र, डोक्यात एक खोटं छत. तरीही ते जीपमध्ये बसले. दुसरं काही सुचत नव्हतं.

सुनीलच्या दुकानापुढं ट्रेलर उभा केला. सुनीलनं चिंध्या चिमटीत धरून पाहिल्या, वास घेतला, तोंड वाकडं केलं. “ओलं गुंडाळलं हुतं का?”

नानांना ती वावटळ आठवली. ते टपोरे थेंब आठवले. आणि मोटारीत बसता बसता मागं वळलेले डॉक्टर. त्यांचे ओठ हललेले दिसत होते, शब्द काही केल्या आठवत नव्हते. हेच सांगत असतील का, उद्या उघडून वाळवा म्हणून? का दुसरंच काही? आता विचारणार कुणाला?

“हो,” नाना म्हणाले. “मीच गुंडाळलं.”

“बरं, समदं भाईर तर काढू. माप घ्याया लागंल.”

हँडल सुनीलनं हातात घेतलं. काल अर्ध्यावर थांबलेलं छत पुढं सरकायला लागलं. काळं कापड आलं, आणखी काळं आलं, मग करडं. आणि मग अचानक हिरवा पट्टा. त्याच्या शेजारी पांढरा. पुन्हा हिरवा. ट्रेलरच्या भिंतीलगतचं, अगदी आतलं कापड, जे त्या वावटळीच्या दिवशी बाहेर आलंच नव्हतं, ते सुनीलच्या दुकानासमोरच्या उन्हात स्वच्छ, सुकं उभं राहिलं.

छगन ओरडलाच. “आयला! ह्ये तर जित्तं हाय!”

नाना त्याखाली जाऊन उभे राहिले. वर पाहिलं आणि पाहतच राहिले.

कापड नवं नव्हतं. पट्टे उन्हानं विटून मऊ झाले होते. एका कडेला कसला तरी जुना डाग होता, पुसून पुसून फिकट झालेला. आणि भिंतीपासून थोडं पुढं, हिरव्या पट्ट्यात, वीतभर जागा निळ्या दोऱ्यानं रफू केलेली होती. बारीक, तिरके, एकाला एक लागून टाके. पत्रातल्या अक्षरासारखे तिरके.

“वापरल्यालं कापड हाय नाना ह्ये,” सुनील म्हणाला. “लई वापरल्यालं. कुनीतरी रोज उघडत आसनार. फाटलं की शिवत आसनार.”

 सुनीलनं स्टूल पुढं केलं, नाना त्यावर बसले.

म्हणजे त्यांनी कोरं म्हणून जे बांधून ठेवलं ते कोरं कधी नव्हतंच. डॉक्टर आणि बाई ते छत घेऊन कोकणच्या पावसात गेले होते. घाटातल्या वाऱ्यात गेले होते. कुठल्या तरी फांदीनं फाटलं, बाईंनी त्याच दिवशी सुई-दोरा काढला असेल; हिरवा नव्हता, निळा होता, तर निळा. इतकं सगळं सोसून ते धडधाकट नानांच्या हाती आलं. ऊन, पाऊस, वारा, कशानं त्याचं काही बिघडलं नव्हतं. ते मेलं ते नानांच्या जपण्यात.

“मग काय करायचं?” सुनीलनं विचारलं. “नवं कापड घालू? ह्या रंगाचं मिळंल.”

छगन नानांकडे बघत होता. हो म्हणा, असं त्याच्या डोळ्यांत होतं.

“नको,” नाना म्हणाले.  “नको. कुजलेलं कापून टाक. चांगलं उरलंय त्याला पुढं दुमड घालून शिवून दे आणि दांडीला जोड. तो निळा रफू आहे ना, त्याला हात लावू नको.”

“अर्दंच हुईल नाना. येवढीशी सावली पडंल. हातबी पुरे उघडायचे न्हाईत.”

“होऊ दे.”

सुनीलनं कात्री चालवली तेव्हा नानांनी तोंड फिरवलं. काळं कापड रस्त्याच्या कडेला ढिगानं पडलं. ते आपल्याला एवढं मोलाचं वाटत कसं होतं, याचंच त्यांना नवल वाटत राहिलं. सांधे रॉकेलनं धुऊन कोरडे केले. खोबरेलाचं ऐकून सुनील एवढा हसला, की शेवटी नानांनाही हसू आलं, आणि हसता हसता डोळ्यांत पाणी आलं ते त्यांनी चष्मा पुसायच्या निमित्तानं टिपलं.

होळी झाली. पुढच्या खेपेला कालव्याच्या वस्तीवर ट्रेलर उभा राहिला तेव्हा नानांनी पुस्तकांच्या आधी हँडल हातात घेतलं.  वस्तीपुढच्या मैदानाकडे त्यांनी चारदा पाहिलं. कुठं वावटळ नव्हती. छत बाहेर आलं आणि ट्रेलरच्या भिंतीलगत सावलीचा एक चौकोनी तुकडा जमिनीवर उतरला.

गोजरबाई कंबरेवर हात ठेवून उभी होती. “येवडीशीच?”

“एवढीच उरली, गोजरबाई.”

ती काही तरी खमंग बोलणार असं सगळ्यांना वाटलं. पण तिनं वर पाहिलं, निळ्या टाक्यांवर नजर गेली. “ह्ये कुनी शिवलं वो? ब्येस हात हाय.”

“ज्यांची गाडी होती, त्या बाईंनी.”

“त्याच व्हय तुमच्या पाव्हन्या? मंग येऊ द्या की. तवर मी बसून ऱ्हाते. सावली रिकामी ऱ्हायला नगं पाव्हनं येस्तोवर.” आणि तिनं पोतं अंथरलं, बैठक मारली, पुस्तक उघडलं. तिच्याशेजारी आणखी एकीनं दाटीवाटीनं जागा केली. बाकीचे कडेला उभे राहिले, सावलीत निदान डोकं येईल असे.

नाना ओट्याशी जाऊन बसले. खिशातलं खोटं पत्र काढलं, फाडलं, आणि दुसरं घेतलं. मायन्याशी पेन अडखळलं, पण फार नाही.

‘पुष्पावतीबाईंना नमस्कार.

उत्तराला फार उशीर केला. तुम्ही विचारलं होतं, छत उघडता ना. उघडत नव्हतो. जपायचं म्हणून बांधून ठेवलं, आणि तेही ओलं. पुढचं अर्धं कापड कुजलं, ते कापून टाकावं लागलं. मला हे सांगायचं धाडस होत नव्हतं. भिंतीकडचं उरलं आहे. तुमचा निळा रफू शाबूत आहे. दोन खुर्च्यांपुरती सावली पडते. पाडव्याआधी कोणत्याही वारी या. म्हणाल तिथं गाडी उभी करीन. खुर्च्या मी आणतो.

गोरक्षनाथ म्हसे’

तीन ठिकाणी खाडाखोड झाली होती. अक्षरही नेहमीसारखं आलं नव्हतं. नानांनी ते पुन्हा उतरून काढायचा विचार केला आणि घाईघाईनं पत्र चिकटवून टाकलं.

“फोन लावा की सरळ,” छगन म्हणाला. “कशाला कागद?”

“फोनवर त्या विचारतील आणि मी गप्प बसेन.”

“मंग माज्याकडं द्या. श्रीरामपूर काय लांब हाय? जीपनं घटकाभरात दिऊन येतो.”

“नको. तुझ्याकडं दिलं तर वाटेत मी ते परत मागून घेईन.”

छगननं कपाळावर हात मारला. नाना चपला घालून उतरले. पोस्टाची पेटी गावात, मारुतीच्या पाराजवळ होती. चालायला लागले आणि थांबले. एक झुळूक आली होती, छताची कड किंचित हलली होती.

“नाना, गुंडाळू का?” छगननं हँडलकडं हात नेला.

नानांनी मैदानाकडं पाहिलं, छताखाली पान उलटणाऱ्या गोजरबाईकडं पाहिलं.

“वारा सुटला तर गुंडाळ,” ते म्हणाले. “नाही सुटला तर राहू दे.”

पारापाशी येईपर्यंत त्यांनी मागं वळून पाहिलं नाही. लाल पेटीच्या तोंडाशी मात्र हात अडला. पत्राचं अर्धं अंग आत होतं, अर्धं त्यांच्या बोटांत. पारावरचा एक म्हातारा म्हणाला, “काय नाना, अडाकलं का?”

“नाही, नाही,” नाना म्हणाले, आणि बोटं सोडली.

पत्र आत पडल्याचा आवाज आला.